खान्देशातले जुने फोटो आणि परदेशातली आर्ट फेअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत घरोघरी पडून असलेले जुने फोटो स्कॅन करायचे आणि त्यांच्यामागची माहिती लिहून ठेवायची, हे काम आम्ही काही मंडळी करतो. परदेशात कुठे जुने फोटो मोठ्या किमतीला गेल्याची बातमी आली, की पुढचे पंधरा दिवस आमचा फोन वाजत राहतो. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि ते रास्त असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. तुम्ही घाईत असाल आणि फोटो विकत घेणारा आत्ता ओट्यावर बसलेला असेल, तर आधी थेट प्रश्न १० वाचा.

१. आर्ट फेअर म्हणजे काय? म्युझियममधलं प्रदर्शन आणि हे एकच का?

एकच नाही. म्युझियममधल्या वस्तू विकायला ठेवलेल्या नसतात, आर्ट फेअर मात्र बाजार असतो. सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडेबाजार डोळ्यांपुढे आणा. ठरलेल्या दिवसांत लांबलांबचे व्यापारी येतात, जागा घेतात, आपला उत्तम माल पुढे उभा करतात. जाणकार गिऱ्हाईक दात बघतं, चाल बघतं, जनावराचं मूळ विचारतं आणि मग किमतीचं बोलतं. आर्ट फेअरमध्ये व्यापाऱ्याच्या जागी गॅलरी असते. फरक इतकाच, की मोठ्या फेअरमध्ये भाडं भरायची तयारी असून भागत नाही. निवड समिती आधी त्या गॅलरीची पारख करते.

फक्त फोटोंसाठी भरणाऱ्या फेअरमध्ये 'पॅरिस फोटो'चं नाव सर्वांत मोठं. ते १९९७ साली सुरू झालं आणि नोव्हेंबरात भरतं. न्यूयॉर्कमधलं फोटो-विक्रेत्यांच्या संघटनेचं फेअर त्याहून जुनं, १९८० पासूनचं. 'फोटो लंडन' २०१५ साली सुरू झालं. आपल्याकडे दिल्लीतलं इंडिया आर्ट फेअर २००८ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालं; तिथे चित्रं आणि शिल्पांबरोबर फोटोही असतात.

२. 'पुन्हा सापडलेले फोटो' म्हणजे काय? ते हरवले कुठे होते?

बऱ्याचदा ते हरवलेले नसतातच. कोणाच्या तरी ट्रंकेत, माळ्यावर, बंद पडलेल्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत असतात. त्यांच्याकडे नीट पाहणारं माणूस तेवढं उशिरा भेटतं. तीन उदाहरणं सांगतो, कारण पुढच्या उत्तरांत ती पुन्हा लागतील.

व्हिव्हियन मायर ही शिकागोत लोकांची मुलं सांभाळायची आणि फावल्या वेळात रस्त्यावर फोटो काढायची. भाड्याच्या गोदामातलं तिचं सामान, भाडं थकल्यामुळे, २००७ साली लिलावात निघालं. त्यात निगेटिव्हचा ढीग होता. पुढे मोजदाद झाली तेव्हा आकडा लाखावर गेला. २००९ मध्ये ती वारली. आपले फोटो जगभर भिंतींवर लागतील हे तिला कधी कळलं नाही.

माईक डिसफार्मर हा अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या हेबर स्प्रिंग्ज या छोट्या गावचा स्टुडिओवाला. शेतकरी, सैनिक, नवरा-बायको यायचे, तो फोटो काढून द्यायचा. १९५९ साली तो गेला. त्याच्या काचेच्या निगेटिव्ह १९७० च्या दशकात लोकांपुढे आल्या. मग संग्राहकांनी त्या गावात घरोघर माणसं पाठवून अल्बममधल्या मूळ छोट्या प्रिंट विकत घेतल्या आणि २००५ साली त्या न्यूयॉर्कच्या गॅलऱ्यांत लागल्या.

तिसरा सेदू केता, माली देशातल्या बामाको शहरचा. १९४८ मध्ये त्याने स्टुडिओ उघडला. १९९१ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्याचे फोटो लागले, तेव्हा खाली 'फोटोग्राफर अज्ञात' असं लिहिलं होतं. तो तेव्हा बामाकोत जिवंत होता, आणि कोणी तरी तिथे जाऊन विचारल्यावर सापडलाही. १९९४ साली पॅरिसमध्ये त्याच्या एकट्याचं प्रदर्शन झालं. नाव कळायला एकदा गावात जाऊन चौकशी करावी लागते, एवढंच. आमच्या कामाची उमेद ह्याच गोष्टीतून येते.

३. 'व्हिंटेज प्रिंट' हा शब्द सारखा येतो. जुना फोटो म्हणजेच व्हिंटेज का?

जवळपास, पण पूर्णपणे नाही. निगेटिव्ह तयार झाल्यावर थोड्याच काळात, फोटोग्राफरने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली काढलेली प्रिंट ती व्हिंटेज. हा 'थोडा काळ' बाजारात साधारण पाच वर्षांपर्यंत धरतात. तीच निगेटिव्ह वापरून चाळीस वर्षांनी काढलेली प्रिंट 'नंतरची' ठरते. केताच्या मूळ प्रिंट पोस्टकार्डाहून जेमतेम मोठ्या होत्या. प्रदर्शनांतून गाजल्या त्या भिंतभर मोठ्या प्रिंट १९९० नंतर काढलेल्या आहेत.

तेव्हा आजोबांच्या लग्नाचा, त्याच वर्षी स्टुडिओतून आलेला तळहाताएवढा फोटो व्हिंटेज आहे. त्यावरून दहा वर्षांपूर्वी मोठा करून घेतलेला, हार घातलेला फोटो नाही. आम्ही घरी गेलो की लोक आधी तो मोठाच पुढे करतात. लहान मागितला की नवल करतात.

४. आमच्या आजोबांच्या फोटोला किती पैसे मिळतील?

आर्ट फेअरच्या बाजारात, शंभरातल्या बहुतेक फोटोंना काहीच नाही. स्पष्ट सांगितलेलं बरं.

बातमीतल्या किमती वेगळ्याच कारणांनी चढलेल्या असतात. मॅन रे यांनी १९२४ मध्ये काढलेल्या, स्त्रीच्या उघड्या पाठीवर व्हायोलिनच्या खुणा असलेल्या फोटोची मूळ प्रिंट २०२२ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी २४ लाख डॉलरला गेली. काढणारा जगप्रसिद्ध, प्रिंट मूळची, आणि ती कोणाकडून कोणाकडे गेली याचा माग पक्का. एवढं सगळं जुळून आल्यावरचा तो भाव आहे.

अनोळखी फोटोग्राफरच्या बाबतीत गॅलरीवाले मुख्यतः तीन गोष्टी बघतात. एका हाताचं काम मोठ्या संख्येनं एकत्र आहे का? ते कुठून आलं हे सिद्ध करता येतं का? आणि त्या नजरेत काही स्वतःचं आहे का? सुटा फोटो कितीही सुंदर असला तरी एकटा पडतो. एकाच स्टुडिओच्या पाचशे प्रिंट, वहीतल्या नोंदींसकट, हे प्रकरण निराळं. आणि विक्री झालीच, तरी गॅलरीचा वाटा साधारण निम्मा असतो, हेही लक्षात ठेवा.

५. खान्देशातल्या साध्या स्टुडिओच्या फोटोत परदेशातल्या माणसाला काय दिसणार?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात नेहमी थोडा संकोच असतो, आणि तोच मला सलतो.

अमळनेरच्या मिलमधल्या कामगाराने पगाराच्या दिवशी काढून घेतलेला फोटो बघा. डोक्यावर टोपी, अंगात स्टुडिओवाल्याचा सगळ्यांना होणारा कोट, मनगट मुद्दाम पुढे, कारण घड्याळ दिसायला हवं. मागे रंगवलेल्या पडद्यावर संगमरवरी जिना आणि कारंजं. पडदा संपतो तिथे खाली शेणाने सारवलेली जमीन. बाजूच्या स्टुलावर रेडिओ, तोही स्टुडिओचाच. स्वतःला कसं दिसायचं आहे हे त्या माणसाने ठरवलंय आणि फोटोवाल्याने त्याला साथ दिलीय. केताच्या बामाकोतही नेमकं हेच चालायचं: घड्याळ, रेडिओ, स्कूटर, पाठीमागे नक्षीचं कापड. मध्य प्रदेशात नागद्याच्या एका स्टुडिओतले असेच फोटो अभ्यासकांमुळे देशाबाहेर पोचले. नागदा आपल्या भुसावळहून लहान गाव आहे.

आमच्या संग्रहातला मला सर्वांत आवडणारा फोटो सासरी आलेल्या एका मुलीचा आहे. नऊवारी, नथ, आणि हातात पुस्तक. तिच्या नातीने सांगितलं, "आजीला वाचता येत नव्हतं. पण पुस्तक हातात घेऊनच बसीन म्हणून अडून बसली होती."

६. फोटो किती जुना आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

पुढून बघायच्या आधी मागून बघा. माउंटवर (फोटो चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर) किंवा पाठीवर स्टुडिओचा शिक्का असेल तर आपल्या भागात पत्त्यावरूनच बराच उलगडा होतो. खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली झाले, तेव्हा 'पूर्व खान्देश' किंवा 'प. खान्देश' लिहिलेला शिक्का त्यानंतरचा. 'जि. जळगाव' असेल तर १९६० किंवा पुढचा. 'जि. नंदुरबार' असेल तर १९९८ नंतरचा. सहा आकडी पिन कोड १९७२ मध्ये आला, म्हणून पिन असलेला पत्ता त्याआधीचा असूच शकत नाही. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचं 'इंदू' हे नाव पाठीवर दिसलं तर फोटो १९६० च्या दशकाच्या अखेरीचा किंवा नंतरचा.

एक सावधगिरी: शिक्का संपेपर्यंत वापरला जातो. जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून स्टुडिओवाला दुसऱ्या दिवशी नवा शिक्का करून आणत नाही. जुनं नाव असलं तरी फोटो नंतरचा असू शकतो.

मग कागद. पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पांढरा भाग पिवळसर आणि बारीक भेगा पडलेल्या, असं असेल तर तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमेन कागद असू शकतो. तो एकोणिसाव्या शतकात चालायचा. काळ्या भागावर तिरक्या उजेडात चांदीसारखी चमक दिसली तर जिलेटिन सिल्व्हर प्रिंट, म्हणजे आपल्या घरांतले बहुतेक कृष्णधवल फोटो. भिंगाखाली एकसारखे ठिपके दिसले तर ते छापील चित्र आहे, फोटो नाही.

आणखी एक युक्ती. किराणा दुकानात नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा दिवा असतो. अंधारात त्याखाली फोटो धरा. कागद निळसर-पांढरा झळकला तर तो १९५० च्या आसपासचा किंवा नंतरचा, कारण कागद उजळवणारं ते रसायन आधी वापरत नव्हते. झळकला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

७. माळ्यावर काचेच्या निगेटिव्ह सापडल्या आहेत. धुऊ का?

पाण्याचा थेंबही लावू नका. एका बाजूला गुळगुळीत काच असते आणि दुसरी बाजू मंद, खरबरीत. चित्र त्या खरबरीत थरावर असतं आणि भिजलं की सुटतं. काच दोन्ही कडांनी धरा, मऊ ब्रशने फक्त गुळगुळीत बाजूची धूळ काढा. आडव्या थप्पीत ठेवू नका, वजनाने खालची तडकते. उभ्या ठेवा, मधे साधा पांढरा, छपाई नसलेला कागद घाला. वर्तमानपत्र नको.

एका गावात आम्ही महिनाभर उशिरा पोचलो. काचा सोड्याने घासून स्वच्छ करून तसबिरींना बसवल्या होत्या. काम चोख केलं होतं. घरमालकाने अभिमानाने दाखवलं, आणि मला पुढे काही बोलवलं नाही. दोन पिढ्यांचं गाव त्या मोरीतून वाहून गेलं होतं.

८. फिल्मच्या निगेटिव्हना उग्र वास येतोय. काही धोका आहे का?

असू शकतो. वास व्हिनेगरसारखा आंबट असेल तर ती असिटेट फिल्म आहे. ती कुजतेय पण भडकणार नाही. तिला इतर निगेटिव्हपासून वेगळी करा आणि लवकर स्कॅन करा, कारण ती आक्रसत जाते. मात्र फिल्म १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल, पिवळी-तपकिरी, चिकट झाली असेल, तर ती नायट्रेटची असण्याची शक्यता धरा. नायट्रेट फिल्म सहज पेट घेते आणि पेटली की विझवणं फार अवघड. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून वर. असा डबा चुलीजवळ, गॅसजवळ किंवा पत्र्याखाली ठेवू नका. घरातल्या सर्वांत थंड, हवेशीर जागी हलवा आणि जाणकाराला दाखवा. कडेवर इंग्रजीत 'सेफ्टी' लिहिलेलं असेल तर आगीची ही भीती नाही. कापून-पेटवून परीक्षा घेऊ नका.

९. फोटो लॅमिनेट करून ठेवला तर टिकेल ना?

नाही. लॅमिनेशन पुन्हा निघत नाही आणि त्याची उष्णता फोटोला बाधते. चिकट पानांचे अल्बम, सेलोटेप, पाठीवर बॉलपेन हेही टाळा. नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. फोटो तसबिरीच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करून घ्या.

१०. एक माणूस गावात फिरून जुने अल्बम विकत घेतोय. चांगला भाव देतोय. देऊ का?

तुमची वस्तू आहे, निर्णय तुमचा. पैशाची गरज असते आणि ती खरी असते. त्यासाठी कोणाला बोल लावायचा आमचा विचार नाही. पण आज देऊ नका. आठ दिवस मागून घ्या. ज्याला खरंच हवा आहे तो आठ दिवसांनीही येतो.

त्या आठ दिवसांत अल्बमचं प्रत्येक पान जसं आहे तसं, मग प्रत्येक फोटो पुढून आणि मागून, असं ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसून नावं लिहून काढा. मग विकायचा तर अख्खा अल्बम विका, त्यातले निवडक फोटो नव्हे. आणि साध्या कागदावर का होईना, काय दिलं, कोणाला, किती तारखेला, यावर दोघांच्या सह्या घ्या.

हे सगळं सांगायचं कारण आहे. आमच्याच नात्यातल्या एका घरातला अल्बम काही वर्षांपूर्वी असा गेला. पारोळ्याचं लग्न, नवरा-नवरीचे दोन वेगवेगळे फोटो समोरासमोरच्या पानांवर. पुढे इंटरनेटवरच्या एका लिलावात मला नवरीचा फोटो दिसला, खाली लिहिलं होतं 'अनोळखी भारतीय स्त्री'. तिचं नाव मला माहीत आहे. ती माझ्या आत्याची सासू. तिच्या जोडीचा फोटो कुठे गेला ते अजून कळलेलं नाही.

डिसफार्मरच्या गावातही (प्रश्न २) अशीच घरोघर खरेदी झाली. पण त्यातले बरेच फोटो एकत्र राहिले, म्हणूनच त्यांचं प्रदर्शन होऊ शकलं.

११. फोटोचा हक्क कोणाचा? स्टुडिओचा की आमचा?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. हातातली प्रिंट किंवा निगेटिव्ह ही वस्तू. तिच्या प्रती काढण्याचा, छापण्याचा हक्क हा कॉपीराइट. दोन्ही एकाच माणसाकडे असतील असं नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढणारा हा कर्ता. पण कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, मोबदला देऊन तो काढून घेणारा असतो. म्हणजे तुमच्या आजोबांनी पैसे मोजून काढून घेतलेल्या फोटोची निगेटिव्ह स्टुडिओत पडून असली, तरी कॉपीराइट सहसा आजोबांचा. याउलट यात्रेत किंवा रस्त्यावर स्टुडिओवाल्याने हौसेने काढलेल्या फोटोचा हक्क त्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोची मुदतही कर्त्याचं आयुष्य आणि पुढे ६० वर्षं अशी झाली. जुन्या फोटोंच्या मुदतीचा हिशेब त्या त्या वेळच्या कायद्याने होतो. व्यवहार मोठा असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

परदेशातही यावरून गुंते झालेत. मायरच्या निगेटिव्ह विकत घेणाऱ्याकडे निगेटिव्ह होत्या, पण कॉपीराइट तिच्या वारसांचा की त्याचा, यावर शिकागोत वाद चालला आणि २०१६ मध्ये तडजोड झाली.

१२. परदेशातल्या गॅलरीने फोटो कुरिअरने मागवले आहेत. पाठवू का?

वय कळल्याशिवाय नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू, तसंच ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं आणि ऐतिहासिक मोलाची कागदपत्रं पुरावशेषांत मोडतात. खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि देशातही त्यांच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं. शंभरीच्या आसपासचा फोटो असेल, किंवा फोटोबरोबर जुनी पत्रं-वह्या असतील, तर आधी हा दाखला, मग कुरिअर. 'गिफ्ट' लिहून पाठवा असं कोणी सुचवलं तर त्या माणसाशी व्यवहार तिथेच थांबवा.

स्कॅन पाठवायला ही अडचण नाही. मात्र प्रश्न ११ लागू होतो.

१३. वडिलांचा स्टुडिओ बंद केला. हजारो निगेटिव्ह आहेत, भंगारवाला चांदीसाठी मागतोय.

आम्हाला येणाऱ्या सगळ्या फोनमध्ये हा फोन सर्वांत महत्त्वाचा असतो. कृपा करून देऊ नका. जुन्या फिल्ममधली चांदी खरी आहे, पण एका निगेटिव्हमधून निघते ती नगण्य.

सर्वांत आधी नोंदवही शोधा: पावतीपुस्तक, ऑर्डरची वही, पाकिटावरचे नंबर. नंबर जुळले की चेहऱ्याला नाव मिळतं आणि ढिगाऱ्याचा संग्रह होतो. पाकिटं फाटकी असली तरी टाकू नका. क्रमही बदलू नका. वडिलांनी ज्या खोक्यात जे ठेवलं ते तसंच राहू द्या. रंगवलेला पडदा, रिटचिंगचं टेबल, पेन्सिली असतील तर त्यांचेही फोटो घ्या. आणि वडील हयात असतील तर फोनवर त्यांचा आवाज नोंदवून ठेवा. दिव्याची जागा कुठे, पडदा कोणी रंगवला, गिऱ्हाईक काय मागायचं, हे दुसरं कोणी सांगू शकत नाही.

पुढे कुठे द्यायच्या? दिल्लीचं अल्काझी फाउंडेशन आणि बेंगळुरूचं म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी ही फोटोंचा गंभीरपणे सांभाळ करणारी ठिकाणं आहेत. एकोणिसाव्या शतकातले नामवंत फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा साठा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे. प्रत्येक संस्था प्रत्येक संग्रह घेईलच असं नाही, पण नोंदींसकट आलेल्या संग्रहाला उत्तर मिळतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर मूळ वस्तू कुठेही जाओ, स्कॅनचा एक पूर्ण संच आपल्या जिल्ह्यात राहिला पाहिजे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाने जुने कागद जपले. फोटोंना तशी जागा मिळावी, ही आमची जुनी मागणी आहे.

एक नाजूक बाब: त्या निगेटिव्हमध्ये गावातल्या लोकांचे खासगी क्षण आहेत. लग्न जमवायला काढलेले मुलींचे फोटो, मयताचे फोटो. ते घरच्यांना विचारल्याशिवाय कुठेही लावू नका, कायदा काहीही म्हणो.

१४. आमच्याकडे चाळीसगावच्या केकी मूस यांचा फोटो आहे असं वाटतं. खात्री कशी करायची?

चाळीसगावला जाऊनच. केकी मूस (१९१२ ते १९८९) यांनी रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात स्वतःला कोंडून घेऊन आयुष्यभर काम केलं. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांतून अख्खं निसर्गदृश्य उभं करायचं आणि त्याचा फोटो काढायचा, ही त्यांची 'टेबल टॉप' पद्धत. आता तो बंगला म्हणजेच त्यांचं संग्रहालय आहे. तुमचा फोटो घेऊन जा, तिथल्या प्रिंटचा कागद, माउंट, सही यांच्याशी ताडून पाहा. फोटो त्यांचा न निघाला तरी फेरी वाया जाणार नाही. खान्देशात राहून ते घर न पाहिलेले लोक भेटतात तेव्हा मला वाईट वाटतं.

१५. एका पुठ्ठ्यावर अजिंठ्याचे दोन सारखेच फोटो शेजारी शेजारी आहेत. छपाईची चूक का?

चूक नाही. तो स्टिरिओ फोटो. दोन भिंगांतून किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेले, खास चष्म्यातून पाहिले की खोली दिसते. अजिंठ्याचे असे फोटो काढणाऱ्या पहिल्यांपैकी एक मेजर रॉबर्ट गिल. अजिंठ्यातल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी तो १८४४ च्या सुमारास इथे आला आणि राहिलाच. त्याने रंगवलेल्या नकलांतल्या बऱ्याच लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली जळाल्या; त्याचे फोटो मात्र उरले. १८७९ मध्ये तो वारला, त्याची कबर भुसावळला आहे.

पण पुढे अनेक परदेशी कंपन्यांनी भारताचे स्टिरिओ फोटो हजारोंनी विकले. पुठ्ठ्यावरचं कंपनीचं नाव आधी वाचा. आणि वय शंभराच्या वर असू शकतं, तेव्हा प्रश्न १२ विसरू नका.

१६. फैजपूर काँग्रेसचा फोटो आहे, नेहरू दिसतात. दुर्मीळ असेल ना?

नेहरू दिसतात म्हणून नाही. डिसेंबर १९३६ चं फैजपूर अधिवेशन हे खेड्यात भरलेलं पहिलं, नेहरू अध्यक्ष; पुष्कळ लोकांनी त्यांचे फोटो काढले. कडेला काय आलंय ते बघा. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच साध्या वस्तू वापरून केलेली सजावट, पाणी वाढणारे स्वयंसेवक, बैलगाड्यांची रांग, गर्दीतल्या बाया. ज्याच्याकडे ही कड आहे त्याच्याकडे मोलाचा फोटो आहे.

१७. फोटो सातपुड्यातल्या बाईचा आहे, मागे फक्त 'भिल्ल स्त्री' लिहिलंय. तसाच प्रदर्शनात द्यायचा का?

नको, निदान चौकशी केल्याशिवाय नको. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत लोकांचे फोटो छापले, त्यांत बहुतेक माणसं जातीच्या किंवा जमातीच्या नावाखाली गेली. ती सवय पुढे टिकली. पुणे-मुंबईच्या बाईच्या फोटोवर नाव असतं, अक्कलकुवा-धडगावच्या बाईच्या फोटोवर जमात.

फोटो घेऊन त्या भागात जा. दागिने, लुगडं नेसायची पद्धत, गोंदण यांवरून जाणकार बाया भिल्ल की पावरा, कोणत्या बाजूच्या, हे सांगतात आणि कधी कधी थेट घर दाखवतात. घर सापडलं तर आधी एक प्रत त्यांना द्या, मग परवानगी विचारा. 'नको' म्हणाले तर नको.

१८. एआयने रंगवलेला, स्वच्छ केलेला फोटो पाठवला तर चालेल का?

मूळ स्कॅन आधी पाठवा. रंगवलेल्या फोटोत लुगड्याचा रंग यंत्राच्या मनाचा असतो, आणि चेहराही कधी कधी थोडा दुसऱ्याचाच होतो. घरात लावायला हवा तर जरूर करा, पण फाइलच्या नावात तसं लिहून ठेवा. स्टुडिओवाल्याने त्या काळीच हाताने रंगवलेला फोटो असेल तर गोष्ट वेगळी. तो रंग त्या फोटोच्या इतिहासाचा भाग आहे.

१९. फोटोतल्या माणसांना ओळखणारं घरात कोणीच उरलं नाही. आता काय?

घराबाहेर शोधा. आमचा अनुभव असा, की बाईची ओळख सासरपेक्षा माहेरी लवकर पटते. फोटो मोबाइलवर न दाखवता कागदावर मोठा छापून न्या. म्हाताऱ्या माणसांना लहान पडद्यावर दिसत नाही आणि ती संकोचाने 'माहीत नाही' म्हणतात. एकट्याला न विचारता तिघी-चौघींना एकत्र बसवा. "हाऊ कोन शे?" असं एकीने विचारलं की दुसरी दुरुस्त करते, तिसरीला त्या वर्षीचं लग्न आठवतं. घाई करू नका, चहा होऊ द्या. मागचा पडदा ओळखीचा आहे का तेही विचारा. एका गावातल्या सगळ्या फोटोंत तोच जिना आणि तेच कारंजं असतं, त्यावरून निदान स्टुडिओ कळतो.

जे नाव मिळेल त्यापुढे कोणी सांगितलं आणि कधी, हे लिहा. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहा. काहीच मिळालं नाही तर गाव, घर आणि ज्या पेटीत फोटो सापडला ती पेटी, एवढं लिहून आम्हाला पाठवा. मागच्या उन्हाळ्यात चोपड्याच्या एका फोटोतली मुलगी आम्हाला एरंडोलच्या दुसऱ्या घरातल्या अल्बममध्ये भेटली, तोच फ्रॉक, तीच रिबीन, आणि तिथे खाली पेन्सिलीने तिचं नाव होतं.